रिकामी चढाई

बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनच्या डोक्यावरच टीडी गार्डन आहे. वर आइस हॉकीचा सामना, खाली लोकलचे फलाट. त्यामुळे माझ्यासारखा रोज लोवेलच्या गाडीने घरी जाणारा माणूस, त्याला खेळाशी देणंघेणं असो वा नसो, सामना सुटल्यानंतरच्या गर्दीत कधी ना कधी सापडतोच. ७ जून २०१३, शुक्रवारची रात्र होती. ऑफिसात उशीर झाला होता, बाहेर पाऊस लागला होता. गाडीत शिरलो तर डबा काळ्या-पिवळ्या जर्सीवाल्यांनी खच्चून भरलेला. ओल्या कापडाचा, बिअरचा आणि पॉपकॉर्नवरच्या लोण्याचा मिळून एक वास. कुणी गात होतं, कुणी सीटच्या पाठीवर थापा मारत होतं. माझ्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या जर्सीवर ३७ आकडा, आणि धुऊन धुऊन त्या आकड्याच्या कडा उललेल्या. एवढे खूश आहेत म्हणजे जिंकले असणार, काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, "तुमच्या ३७ नंबरने आज किती गोल केले?"

"एकही नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, मास्तर फळ्याशी उभं करून विचारतात तसं त्यांनी विचारलं, "क्रॉस्बीने किती केले?"

मला माहीत नव्हतं.

"चार सामन्यांत एकही नाही. गोल नाही, गोलाला लागणारा पास नाही, काही नाही." आणि त्यांनी उजवा तळहात उघडून माझ्यासमोर धरला. विंचेस्टर आलं तसे ते उठले, जिना उतरावा तसे जपून पायऱ्या उतरले आणि पावसात निघून गेले. मी पुढे वूबर्नला उतरलो. तो उघडा, रिकामा तळहात मात्र बरेच दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

सिडनी क्रॉस्बी म्हणजे त्या काळातला सगळ्यात मोठा खेळाडू. तो आणि एव्हगेनी माल्किन असले की पिट्सबर्गचा संघ कुणाच्याही बचावाच्या चिंध्या करायचा. त्या मालिकेत मात्र चार सामने झाले आणि दोघांच्याही नावावर भोपळा. अख्ख्या संघाचे मिळून दोन गोल. त्या रात्रीचा चौथा सामना बॉस्टनने १-० असा जिंकला. हे काही एकट्याचं काम नव्हतं. गोलमध्ये टुक्का रास्क होता, झ्देनो चारा नावाचा पावणेसात फुटी बचावपटू क्रॉस्बीच्या अंगाला चिकटून होता. आणि मधे, सेंटरला, ३७ नंबरचा पॅट्रिस बर्जरॉन. दोनच दिवसांपूर्वी, तिसऱ्या सामन्यात, दुसऱ्या जादा वेळेतला निर्णायक गोल याच बर्जरॉनने मारला होता. हे मला दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून कळलं. गाडीतल्या आजोबांनी त्याचा उल्लेखसुद्धा केला नव्हता. त्यांना मला दाखवायचा होता तो तळहात.

त्या दिवसापासून मी हॉकी बघायला लागलो. तोवर दहा वर्षं बॉस्टनमध्ये राहून एक सामना धड बघितला नव्हता. पुढे कळलं की बर्जरॉन आणि मी या गावात एकाच ऑक्टोबरात आलो, २००३ च्या. मी सत्तावीस वर्षांचा, तो अठरा. क्वेबेक शहराजवळच्या लान्सिएन-लोरेत या छोट्या गावचा मुलगा, घरीदारी फ्रेंच, इंग्रजी जेमतेम. त्या वर्षीच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पंचेचाळिसाव्या क्रमांकावर बॉस्टनने त्याला घेतलं होतं आणि कुणी फारशी अपेक्षा केली नसताना पोरगा थेट मोठ्या संघात आला. पहिल्या वर्षी मार्टिन लापॉइंट या ज्येष्ठ सहकाऱ्याच्या घरी, त्याच्या बायकामुलांत राहिला. मी त्या हिवाळ्यात माल्डनला तिघांत एक खोली घेऊन राहत होतो. दुकानात गेलो की वाक्य आधी मनात जुळवून मगच तोंड उघडायचो. संध्याकाळी साडेचारला अंधार पडायचा आणि मला लालबागच्या गल्लीतला कोलाहल कानात ऐकू यायचा. त्याच शहरात त्याच वेळी एक अठरा वर्षांचा मुलगा परक्या भाषेत सूचना ऐकून बर्फावर उतरत होता, हे मला तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं असं आजही वाटतं. का, ते नीट सांगता येणार नाही.

फॉरवर्ड म्हणजे पुढच्या फळीतला. त्याचं काम गोल करणं. तीन फॉरवर्ड, दोन बचावपटू, एक गोलरक्षक, असे सहा जण बर्फावर. पाऊण मिनिटभर जीव तोडून पळायचं की बदली, पुढचे तिघे कठड्यावरून उडी मारून आत. पण काही फॉरवर्ड असे असतात की प्रशिक्षक त्यांना मुद्दाम समोरच्या संघाच्या सर्वोत्तम तिघांविरुद्ध उतरवतो. घरच्या मैदानावर खेळाडू बदलायची शेवटची संधी यजमानांना असते, ती यासाठीच वापरायची. समोरचा राजा उतरला की आपला हा माणूस उतरला. त्याने गोल केला तर उत्तम, पण आधी समोरच्याचा होऊ द्यायचा नाही. त्यात तो सेंटर असेल तर आणखी भार. बचावाच्या वेळी सेंटरने खोल, पार आपल्या गोलच्या तोंडाशी यायचं असतं, आणि पक, म्हणजे खेळातली चकती, हाती लागली की पुन्हा पुढे सगळ्यांच्या बरोबरीने धाव घ्यायची असते. दोनशे फूट लांबीच्या बर्फाची दोन्ही टोकं त्याचीच.

मला सगळ्यात आवडायचा तो फेसऑफ, म्हणजे दोघांच्या मधे पंच चकती टाकतो आणि खेळ सुरू होतो तो क्षण. आपल्याच गोलच्या डाव्या-उजव्या हाताला लाल वर्तुळं असतात, तिथला. समजा एका गोलची आघाडी आहे, शेवटचं मिनिट आहे, समोरच्यांनी गोलरक्षकसुद्धा काढून सहावा हल्लेखोर उतरवलाय. वर्तुळात दोघे समोरासमोर वाकतात. बर्जरॉन जरा उशिरा यायचा, आधी मागे वळून आपले चौघे कुठे उभे आहेत ते बघायचा, एखाद्याला काठीच्या टोकाने दोन हात सरकायला सांगायचा. मग खालचा हात काठीवर उलटा धरून इतका वाकायचा की हेल्मेट जवळजवळ गुडघ्याला लागावं. नजर पंचाच्या हातावर. पक म्हणजे इंचभर जाडीची, तीन इंच रुंद रबराची चकती. उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवलेली. ती पंचाच्या बोटांतून सुटते आणि बर्फाला टेकते, तेवढ्या क्षणात दोन काठ्या एकमेकींवर आपटल्याचा खट्ट आवाज होतो आणि चकती मागे आपल्या बचावपटूकडे गेलेली असते. संपलं. पुढच्या पाच सेकंदांत ती कठड्याला घासत बाहेर. टाळ्या पडतात त्या चकती बाहेर मारणाऱ्याला. बर्जरॉन तोवर वळून निघालेला असतो.

२०१४ च्या मे महिन्यात बाबा आमच्याकडे आले होते. पहिल्यांदाच विमानात बसले, पहिल्यांदाच परदेश. मे महिन्यातही संध्याकाळी स्वेटर घालून सोफ्यावर बसायचे. तेव्हा बॉस्टन आणि मॉन्ट्रियल यांची मालिका चालू होती, म्हणजे भाऊबंदकीच. मी लावलं टीव्हीवर. पाच मिनिटांनी बाबा म्हणाले, "मला ती चकती काही दिसत नाही रे." नवख्याला नाहीच दिसत, पांढऱ्या बर्फावर काळा ठिपका आणि वेग हा असा. मी म्हटलं, बंद करू का? म्हणाले, "असू दे. मी माणसं बघतो."

आणि ते खरोखरच माणसं बघत राहिले. मधल्या विश्रांतीच्या आधी, बोट टीव्हीकडे करून म्हणाले, "हा ३७ नंबरवाला बघ. सगळे तिकडे बघतायत, चकती जिकडे आहे तिकडे. हा एकटा मान वळवून मागे बघतो. मागे कोण सुटलाय ते." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "कोपऱ्यातला गडी आहे हा."

मी वर्षभर बघत होतो. फेसऑफचे आकडे पाठ केले होते, लेख वाचले होते. जे बाबांना पंधरा मिनिटांत दिसलं ते मला तोवर दिसलं नव्हतं. त्यानंतर मी मुद्दाम बघायला लागलो. मधल्या पट्ट्यातून मागे येताना दर दोन पावलांना त्याची मान वळायची, डावीकडे, उजवीकडे, रस्ता ओलांडणाऱ्या माणसासारखी. त्यामुळे पास जिथे जाणार तिथे त्याची काठी आधीच आडवी पडलेली असायची. पास देणाऱ्याला ते दिसायचं, मग तो पास द्यायचाच नाही, वळसा घ्यायचा, अडकायचा, आणि शेवटी बदलीला निघून जायचा. याची नोंद कुठे आणि कशी करणार?

बाबा कबड्डी खेळायचे. सत्तरच्या दशकात, लालबाग-परळच्या मैदानांवर, हॅलोजनच्या उजेडात, पाणी मारून दाबलेल्या तांबड्या मातीत. त्यांची जागा डावा कोपरा. चढाईला आलेला गडी खोल शिरला, पाय टाकला, की झेप घेऊन घोट्यात पकड करायची, असं कोपरारक्षकाचं काम सगळे सांगतात. पकड झाली की गुण, शिट्टी, पोरांचा गलका. पण बाबांचं म्हणणं वेगळं होतं. ते म्हणायचे, रात्रभरात अशा पकडी किती होणार, दोन, तीन, चार. उरलेल्या सगळ्या चढायांत तू काय करतोस ते खरं. कोपरा अर्धा पाऊल पुढे सरकला की चढाईवाल्याचा अंदाज चुकतो, तो आत यायचा बेत बदलतो, दम घुमवत 'निदान रेषा', म्हणजे चढाईत गाठावीच लागते ती रेषा, ओलांडतो आणि माघारी फिरतो. रिकामी चढाई. त्याला कुणी पकडलेलं नसतं आणि त्याने कुणाला शिवलेलं नसतं. मैदानाबाहेर माणसं तेवढ्यात विडी पेटवून घेतात, कारण काही घडलेलंच नसतं.

त्यांच्या डाव्या हाताची करंगळीजवळची अंगठी घालायची ती अनामिका मधल्या पेरात वाकडी आहे. एका पकडीत मोडली, कुणी नीट बसवली नाही, तशीच जुळली. लग्नात आईने घातलेली अंगठी त्या पेराशी अडायची, म्हणून ती कायम देव्हाऱ्यातल्या डबीत राहिली. लहानपणी त्यांचं बोट धरून रस्ता ओलांडताना मी मुद्दाम तेच बोट धरायचो, वाकडं असल्यामुळे हातातून निसटायचं नाही.

मग ८२ चा संप आला. गिरणी सुटली ती सुटलीच. बाबा मुलुंडला एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन झाले आणि पुढची बावीस वर्षं तेच काम केलं. केबिनमध्ये एक जाड रजिस्टर असायचं. सकाळी घरी यायच्या आधी त्यात एक ओळ लिहून सही करायची. मी शाळेत असताना कधी डबा द्यायला गेलो की ते रजिस्टर चाळायचो. पानामागून पानं एकच ओळ, वळणदार अक्षरात: 'रात्री ८ ते सकाळी ८. सर्व ठीक.' तेव्हा मला त्याची लाज वाटायची. वर्गातल्या मुलांचे वडील काय काय करायचे, आणि माझ्या वडिलांच्या कामाचा पुरावा म्हणजे एक ओळ, तीही रोज तीच. आज त्या रजिस्टरचं एक पान मिळावं म्हणून मी काय वाटेल ते देईन. सोसायटीने ती कधीच रद्दीत घातली असणार.

हॉकीत निदान या कामाला एक करंडक आहे. फ्रँक सेल्की करंडक, बचावात सर्वोत्तम ठरलेल्या फॉरवर्डला मिळतो. तो १९७८ साली सुरू झाला आणि पहिली चारही वर्षं मॉन्ट्रियलच्या बॉब गेनीलाच मिळाला. हा करंडक मुळात त्याच्यासाठीच काढला असं लोक आजही म्हणतात. गेनी लेफ्ट विंगर, म्हणजे डाव्या बाजूचा फॉरवर्ड, सोळा हंगाम, ११६० सामने, २३९ गोल. पुढच्या फळीतल्या माणसाला हे गोल काही फार नाहीत. त्या मॉन्ट्रियल संघात गी लाफ्लरसारखा माणूस होता, त्याचे केस उडताना बघायला लोक यायचे. गेनीच्या वाट्याला समोरच्यांचा लाफ्लर थोपवायचं काम. पण सोव्हिएत संघाचा प्रशिक्षक व्हिक्टर तिखोनोव, ज्याला मॉन्ट्रियलच्या लोकांना खूश करायचं काहीच कारण नव्हतं, त्याने गेनीला तंत्राच्या दृष्टीने जगातला सर्वांत परिपूर्ण खेळाडू म्हटलं होतं. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. शत्रूच्या गोटातल्या माणसालाच हे काम नीट दिसतं, कारण ते सोसावं त्यालाच लागतं. गाडीतल्या आजोबांनी दाखवलेला तळहात क्रॉस्बीला नक्कीच जास्त कळला असता.

बर्जरॉनला हा करंडक सहा वेळा मिळाला. २०१२, १४, १५, १७, आणि मग २०२२ व २०२३. गेनीचा चारचा विक्रम त्याने छत्तिसाव्या वर्षी मोडला. पण त्याला नुसता बचाव करणारा म्हणणं अन्यायाचं होईल, हेही सांगायला हवं. १२९४ सामन्यांत ४२७ गोल, गोल आणि गोलाला लागणारे पास मिळून एकूण १०४० गुण. २०११ च्या स्टॅनले कपच्या, म्हणजे लीगच्या अजिंक्यपदाच्या, सातव्या, निर्णायक सामन्यात व्हँकुव्हरला जाऊन दोन गोल त्याचेच. कॅनडाकडून दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं. त्याची आणि बाबांची बरोबरी करताना मला इथे थांबावं लागतं. एकाच्या कामाला लाखो डोळे होते, करोडोंचा करार होता, कॅमेऱ्याच्या प्रत्येक कोनातून चित्रफीत होती. दुसऱ्याच्या रिकाम्या चढाया मैदानावरच्या मातीबरोबर उडून गेल्या. हे मला खुपतं, आणि ते बर्जरॉनच्या मोठेपणाने भरून निघत नाही.

दुसरंही एक खुपतं. २००७ च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या एका बचावपटूने त्याला मागून कठड्यावर आदळलं. मेंदूला जबर मार, नाक मोडलेलं, स्ट्रेचरवरून बाहेर. तो हंगाम दहा सामन्यांत संपला. पुढच्याच वर्षी पुन्हा डोक्याला मार. आणि २०१३, ज्या जूनमध्ये मला तो तळहात दिसला, त्याच जूनच्या अखेरीस शिकागोविरुद्ध अंतिम फेरीचा सहावा सामना तो बरगडी मोडलेली, कूर्चा फाटलेली, खांदा निखळलेला अशा अवस्थेत खेळला. फुप्फुसाला भोक पडलं होतं. सामना हरले. शेवटच्या दीड मिनिटात सतरा सेकंदांच्या अंतराने दोन गोल खाल्ले. तो तिथून इस्पितळात गेला आणि काही दिवस तिथेच राहिला. पेपरांनी त्याचा केवढा गौरव केला. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण त्याचबरोबर रागही आला. कुणाचा, कळत नव्हतं. बाबांचं वाकडं बोट आठवलं. ते मोडलेल्या बोटानिशी उरलेला सामना खेळले होते, आणि हे ते सांगायचे तेव्हा आई उठून स्वयंपाकघरात जायची.

२०२३ चा हंगाम तर स्वप्नासारखा गेला. बर्जरॉन कर्णधार, ६५ विजय, १३५ गुण. लीगच्या इतिहासात असा हंगाम कुणी खेळलं नव्हतं. आणि पहिल्याच फेरीत फ्लोरिडाने गाठलं. पाठ धरल्यामुळे पहिले चार सामने तो बाहेर होता, पाचव्याला उतरला. ३० एप्रिलला, रविवारी, सातवा सामना. मी घरी बघत होतो. ३-२ अशी आघाडी आणि मिनिटही उरलेलं नाही. ५९ सेकंद राहिले असताना बरोबरी झाली, आणि जादा वेळेत गोल बसला. गार्डनमध्ये इतकी माणसं, आणि टीव्हीतून फक्त फ्लोरिडावाल्यांचा आरडाओरडा ऐकू येत होता. आत जाण्याआधी बर्जरॉन बर्फावर थांबला. आपल्या एकेकाला जवळ घेत राहिला. कुणाच्या हेल्मेटवर हात ठेवत होता, कुणाच्या कानात काहीतरी बोलत होता. मग काठी उंचावून लोकांकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी बाबांना फोन लावला. मुलुंडला १ मेची सकाळ होती, मागे सोसायटीच्या लाउडस्पीकरवर महाराष्ट्र गीताची चाचणी चालू होती. मी सांगितलं, हरले. ते म्हणाले, "कोपरा शाबूत होता ना?" मी म्हटलं, त्याच्या पाठीत मणक्याची चकती सरकलीय म्हणतात. ते काही बोलले नाहीत. गाणं संपेपर्यंत आम्ही दोघे तसेच फोनवर.

२५ जुलैला, अडतिसावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याने निवृत्ती जाहीर केली. त्या संध्याकाळी नॉर्थ स्टेशनवर सामना नव्हता, गर्दी नव्हती. उकाडा मात्र खूप होता. गाडीत माझ्या पुढच्या सीटवर एक मुलगी ३७ ची जर्सी घालून बसली होती, कॉलेजची असेल, अंगाला ती फार मोठी होत होती. जुलैत कुणी जर्सी घालत नाही. मी तिच्याशी काही बोललो नाही. विंचेस्टर आलं तेव्हा सवयीने बाहेर बघितलं. दहा वर्षं झाली होती, ते आजोबा असतील-नसतील.

रविवारी बाबांना सांगितलं. आता त्यांना ऐकायला कमी येतं, दोनदा सांगावं लागलं. "अच्छा, सुटला तो," म्हणाले. मग वीस वर्षं एकाच संघात होता का, बायकामुलं आहेत का, पाठ आता कशी आहे, सगळं विचारून घेतलं. मी सांगत गेलो. फोन ठेवायच्या बेतात असताना पुन्हा म्हणाले,

"मग कोपऱ्यात आता कोण उभं राहणार त्यांच्या?"

मला लगेच नाव सांगता आलं नाही.